होकाराचा शब्द

“विल्फ, बाई विचारतायत, माझ्याशी लग्न करायचंय ना तुला? नुसतं हो म्हण, राजा.”

चाकाच्या खुर्चीतल्या विल्फने हेझलकडे पाहिलं. सगळा जीव ओठांत गोळा करून तो म्हणाला, “चहा.”

नोंदणी कार्यालयात कुणी हसलं नाही. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडी एवढा एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी चहा, दुखलं तरी चहा.

“हा होकारच आहे हो त्याचा. माझा हात बघा ना कसा घट्ट धरलाय!”

“दिसतंय मला,” टेबलामागच्या बाई खाली बघत म्हणाल्या. “पण कागदावर काय लिहू?”

स्पेनमधल्या या गावात दोघं एकोणीस वर्षं एकत्र राहत होती. लग्नाचं कधी मनातच आलं नव्हतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तेव्हा विल्फने रहिवासी म्हणून नाव नोंदवलं. हेझल तेव्हा इंग्लंडात, रॉदरहॅमला, अंथरुणाला खिळलेल्या आईच्या उशाशी होती. मुदत टळली. तेव्हापासून ती स्वतःच्याच घरात पाहुणी झाली. एकशेऐंशी दिवसांत फक्त नव्वद दिवस राहायची मुभा. लग्न झालं तरच बायको म्हणून कायम राहता येणार होतं. उद्या नव्वदावा.

लग्न न लागताच दोघं घरी परतली, तशी शेजारची एन्कार्ना उसळली. “जाऊच नकोस! कोण येतंय तुला हुडकायला?”

“आणि सापडले तर? वर्षानुवर्षं पाऊल ठेवू देणार नाहीत. तोवर हा...”

“मग तीन महिने याचं कोण करणार?”

“तूच गं. दुसरं कोण आहे मला?”

एन्कार्नाने चमचा घेतला आणि विल्फला भरवायचं कसं ते शिकू लागली.

सकाळी हेझलने त्याची दाढी केली. निघताना त्याने तिची बाही पकडली. एकेक बोट उलगडून तिला ती सोडवावी लागली. तो ओरडत होता, “चहा! चहा!” जिना उतरेपर्यंत ते ऐकू येत होतं.

विमानतळावरच्या तरुण अधिकाऱ्याने पासपोर्टवरचे शिक्के तपासले आणि खूश होऊन मान डोलावली.

“बरोबर नव्वद, मावशी! सगळे तुमच्यासारखे नियमाने वागले तर आमचं काम किती सोपं होईल!”

“थँक यू,” हेझल म्हणाली. पासपोर्ट उचलून, मागच्या माणसाला जागा देत, ती बाजूला सरकली.