चिंचेने घासलेली पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पुंगळी आहे. पिस्तुलातून गोळी सुटली की मागे जे रिकामे टरफल उरते, ते मी. दाणा कुणीतरी खाल्ला, फोलपट राहिले. उंचीने मी तुमच्या करंगळीच्या पेराएवढी. लोक मला रिकामी म्हणतात. खरे आहे, माझ्या पोटात काही नाही. पण बुडावर खूण आहे. माणसांचे उलटे असते. पोटात पुष्कळ असते, खूण कुठेच सापडत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेची चकती दाबयंत्राखाली गेली, ताणली गेली, आणि तिची मी झाले. मग माझ्या बुडात ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवली, पोटात दारू भरली आणि तोंडावर शिशाची गोळी बसवली. ती माझी जोडीदार. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरले आणि म्हणाल्या, "छान! एक चरा नाही अंगावर." ही माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. ती लक्षात ठेवा. चऱ्याच्या या हिशेबाकडे आपल्याला परत यायचे आहे.

दुकानातून मला कमलेशशेठने विकत घेतले. बदलापूरच्या बाजूला लोकांना मोकळी जमीन दाखवायची आणि तिच्यावर स्वप्नातली इमारत विकायची, हा त्याचा धंदा. पिस्तुलाचा परवाना त्याने स्वसंरक्षणासाठी काढला होता. कुणापासून संरक्षण, ते मला कधीच कळले नाही. त्याच्या अंगावर चालून आलेला मी फक्त एक डास पाहिला. पिस्तूल शर्टाच्या आत झाकायचे असते म्हणतात. शेठचा शर्ट मात्र नेमका तिथेच वर सरकलेला असे. बारशाला पिस्तूल, साखरपुड्याला पिस्तूल, एकदा तर गणपतीच्या वर्गणीलाही पिस्तूल. आम्ही पिस्तुलाच्या पोटात ओळीने बसून लाडू-जिलेबीचे वास घेत होतो.

आणि मग बदलापूरजवळच्या खरवई गावात शेठच्या पुतण्याची हळद निघाली.

मित्रांनो, आमच्याकडची हळद तुम्हाला ठाऊक असेल. लग्नाला माणसे वेळेवर जातात, पण हळदीला आधीपासून येऊन बसतात. दारात मांडव, मांडवापुढे भिंतीएवढे भोंगे, नवरदेव हळदीने माखलेला आणि पाहुणे बाकी कशाकशाने. दिवे लागायच्या सुमाराला नाच रंगात आला. शेठसारखेच आणखी दोघे पाहुणे कमरेला पिस्तूल लावून आले होते. तिघांची पिस्तुले एकाच बनावटीची. कुणाचा आवाज मोठा, एवढेच ठरायचे बाकी होते.

"शेठ, एक होऊन जाऊ दे!"

"अरे, नको रे, बायका आहेत."

"म्हणून तर! आवाज पायजे भाऊंचा! गावाला कळू दे ना कोणाची हळद आहे!"

शेठने 'नको' म्हणतानाच पिस्तूल काढले होते. हात वर केला. पण हात डुलत होता, कारण शेठच डुलत होता. चाप ओढला. आतली टोकदार सुई माझ्या बुडावर आदळली, खड्डा पडला. दारू पेटली आणि मी मागच्या पोलादावर इतक्या जोरात दाबली गेले की त्या पोलादावरचे कानशीचे बारीक ओरखडे जसेच्या तसे माझ्या बुडावर उमटले. दोन पिस्तुले जुळ्या भावांसारखी असली तरी त्यांचे ओरखडे वेगवेगळे असतात. अंगठ्याचा ठसाच म्हणा. मी उडून कुंपणापलीकडे पडले. त्या क्षणी माझ्यावर कमलेशशेठचे नाव लिहिले गेले होते. फक्त ते वाचायला डोळा हवा होता.

माझी जोडीदार दुसरीकडे गेली. कुंपणापलीकडचे घर बनूबाईचे. तिची मुलगी सोनिया उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती. नुकतीच कामावरून येऊन दोरीवरचे कपडे काढत होती. गोळी तिच्या उजव्या मनगटातून आरपार गेली आणि पुढच्या नाल्यात नाहीशी झाली. शोधूनही कुणाला मिळाली नाही. सोनिया किंचाळली. भोंग्यांमुळे ते फक्त तिच्या आईला ऐकू आले.

बनूबाई कुंपणाशी येऊन ओरडली तेव्हा मांडवात एकच गडबड झाली. तुम्हाला वाटेल, मुलीला उचलायला धावले असतील. नाही. खाली वाकून पुंगळी शोधायला धावले. मघाशी ज्यांना कमरेत वाकून नवरदेवाला हळद लावता येत नव्हती, ते आता खुर्च्यांखाली रांगत होते. "फटाका होता, फटाका," असे एकमेकांना सांगत होते, म्हणजे सगळ्यांना पाठ व्हावे. मला त्या दिवसापासून हळदीच्या वासाची शिसारी बसली ती बसलीच.

मी मात्र त्यांना सापडले नाही. बनूबाईच्या धुण्याच्या दगडापाशी, चिखलात पडले होते. सकाळी दवाखान्यातून कपडे न्यायला ती घरी आली तेव्हा तिने मला पाहिले. उचलले नाही. घरातून स्टीलची वाटी आणली, माझ्यावर पालथी घातली आणि शेजारी बसून राहिली. कुंपणावरून शेठचा माणूस डोकावला.

"काय गो मावशी, काय झाकलंस?"

"विंचू हाय. बघतंस का हात घालून?"

तो गेला.

पोलीस आले, पंचनामा झाला. मला पाकिटात घालून लाखेचे सील लावले. वाटीखाली सापडले म्हणून वाटीही जप्त झाली. तिलाही वेगळे पाकीट, वेगळे सील. बनूबाईने वाटीबद्दल कुरकूर केली नाही. ती एकच विचारत होती. "माझ्या पोरीचा हात कोनी मोडला, त्याचा नाव निघंल ना वो यातून?" सोनियाच्या कारखान्याच्या मालकाने सांगितले होते, "बेटा, हाथ ठीक हो जाए तब आ जाना." हात बरा झाला, पण मूठ काही मिटेना. गेलेला हात परत येणार नाही हे मायलेकींना कळले होते. त्यांना ते नाव तरी हवे होते.

तिन्ही पिस्तुले जप्त होऊन प्रयोगशाळेत गेली. तिन्ही पाहुणे म्हणाले, आम्ही उडवलेच नाही. वऱ्हाडातला प्रत्येक माणूस नेमका त्या वेळी जेवत होता. एवढी माणसे एकदम जेवली असतील तर तो आचारी धन्य!

मला तिकडे पाठवायचे पत्र मात्र सहीसाठी अडकले, म्हणून मी मुद्देमालाच्या खोलीत आले. मित्रांनो, मुद्देमाल म्हणजे पोलिसांकडे पुरावा म्हणून ठेवलेल्या वस्तू. आमच्या कपाटात कोयते होते, दारूचे कॅन होते आणि मालकाची वाट पाहून गंजलेली एक सायकलची घंटी होती. खोलीचे राखणदार बाळाजी हवालदार. बुवापाड्यात राहणारा, देवभोळा, साधा माणूस.

त्याच सुमाराला बातमी आली की नवे यंत्र येणार. पुंगळीच्या बुडाचा फोटो काढायचा, साठवलेल्या फोटोंशी ताडायचा आणि ती कोणत्या पिस्तुलाची, ते शोधून सांगायचे. ते यंत्र एका गाडीत बसवले होते. त्यावरचा तंत्रज्ञ पुष्कर आधीच ठाण्यात येऊन समजावून गेला, आणि ठाण्यात जो वाद पेटला तो मी कपाटाच्या फटीतून ऐकला.

बाळाजी हवालदार म्हणाले, "साहेब, परवानेवाल्यांच्या पिस्तुलांचे फोटो तुमच्याकडे असतील. पण गावठी कट्टेवाला काय फोटो काढायला येणार आहे? आमचा खबऱ्या बरा."

"काका, खबऱ्या विकला जातो," पुष्कर म्हणाला. "खूण विकली जात नाही."

"आणि यंत्र चुकलं तर?"

"यंत्र फक्त जवळचे जुळे काढून देतं. शेवटी भिंगाखाली माणूसच बघतो."

एक परवानाधारक गृहस्थ तक्रार घेऊनच आले होते. "आमच्या पिस्तुलांचे ठसे कशाला? आम्ही काय चोर आहोत? चोरांचे घ्या!" हे गृहस्थ त्याच हळदीत जेवत होते.

ठाण्याच्या प्रमुख प्राची मॅडम सगळ्यांवर कडी करत म्हणाल्या, "यंत्र पण हवं, खबऱ्या पण हवा. आणि पहिली पुंगळी खरवईचीच लावायची. त्या मुलीला मी शब्द दिलाय."

माझ्या पितळेला त्या दिवशी ऊब आली. पण बघा, यंत्र कसे, त्याला किती वीज लागेल, उद्घाटनाला कोण येणार, सगळ्यावर चर्चा झाली. पुंगळी कशी ठेवायची, यावर एक अक्षर नाही.

गाडी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला. मुहूर्त चांगला म्हणून तोच दिवस ठरवलेला. खंडेनवमी म्हणजे शस्त्रांची आणि यंत्रांची पूजा. ठाण्यातल्या बंदुका पुसून टेबलावर मांडल्या. गाडीला झेंडूचे तोरण. पाहुणे यायचे होते. प्राची मॅडम बंदोबस्तावर होत्या. बंदोबस्ताला जाताना कुणीतरी म्हणाले, "बाळाजी, सगळं पितळ लख्ख दिसलं पाहिजे हां!"

बाळाजींनी ठाण्याची समई घासली, घंटा घासली. मग त्यांना माझी आठवण झाली. पावसाळ्यात कपाटात ओल शिरून माझे पाकीट भिजले होते, लाखेला तडा गेला होता, आतून चिखल दिसत होता. बाळाजींना मनापासून वाईट वाटले. एवढे महागडे यंत्र, त्याची पहिलीच पुंगळी, आणि अशी पारोशी? यंत्राच्या काचेला चिखल लागला तर?

त्यांनी पाकीट फोडले. घरून आणलेला चिंचेचा गोळा घेतला, मीठ घेतले, विटकरीची भुकटी घेतली आणि मला घासले. देव घासतात तसे घासले. तोंड घासले, अंग घासले आणि मग बूड. तेच तर सगळ्यात काळे होते. मी ओरडू शकत नाही, मित्रांनो. माझा आवाज एकदाच होतो आणि तो होऊन गेला होता. त्या बोटाखाली एकेक ओरखडा पुसट होत गेला, कमलेशशेठच्या नावाचे एकेक अक्षर. शेवटी बाळाजींनी मला दिव्यासमोर धरले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! एक चरा नाही अंगावर."

मग मला हळदकुंकू लावले. पुन्हा हळद!

दुसऱ्या दिवशी पुष्करने मला भिंगाखाली धरले आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. "मॅडम, हिला घासलंय कोणी?" प्राची मॅडमनी बाळाजींकडे पाहिले. बाळाजींना अजून शाबासकीचीच अपेक्षा होती. मग मला प्रयोगशाळेत पाठवले. तिथूनही कळवले की सुईचा खड्डा आहे, पण तो तिन्ही पिस्तुलांशी जुळतो. बारीक रेषा उरलेल्या नाहीत.

खटला तिन्ही पिस्तूलवाल्यांवर चालला. कोर्टात शेठचे वकील दिनानाथ उभे राहिले. त्यांचा आवाज तुपासारखा.

"हवालदार, पुंगळी जप्त केली तेव्हा तिच्यावर चिखल होता?"

"होता, साहेब."

"आता?"

"लख्ख आहे, साहेब."

"कोणी केली?"

"मी, साहेब. खंडेनवमी होती."

"म्हणजे पुरावा तुम्ही चिंचेने घासला."

"नुसती चिंच नाही, साहेब. मीठ पण."

कोर्ट हसले. सरकारी वकीलही हसले. मित्रांनो, मी पितळेची आहे, मला गंज चढत नाही. पण त्या हसण्याने माझ्यावर जे चढले आहे ते चिंचेने निघणारे नाही. हसली नाही ती बनूबाई आणि तिच्या शेजारची सोनिया. बाकी दोघांबरोबर कमलेशशेठही संशयाचा फायदा मिळून सुटला. पिस्तूलही त्याला परत मिळणार.

निकालानंतर बनूबाईची वाटी परत मिळाली. कारकुनाने पाकीट दिले. लाख जशीच्या तशी, दोऱ्याची गाठ घट्ट, सह्या स्पष्ट. बनूबाईने ते उलटसुलट पाहिले.

"हिचा सील कसा काय राह्यला वो?"

"तिला कोणी हातच लावला नाही ना, मावशी. वाटीला कोण हात लावतो!"

पायऱ्यांवर शेठचे लोक पेढे वाटत होते. बाळाजींच्या हातातल्या पारदर्शक पिशवीतून मी पाहत होते. शेठ स्वतः सोनियापुढे आला. "घे गं, ताई. राग नको ठेवू. आपण शेजारी ना?"

सोनियाने त्याच्याकडे पाहिले आणि उजवा हात पुढे केला. शेठने तळहातावर पेढा ठेवला. तिची बोटे मिटली नाहीत. पेढा घरंगळला आणि पायरीवर पडून फुटला.

"अरेरे! दुसरा घे," शेठ म्हणाला.

"मिटत नाही ती मूठ," सोनिया म्हणाली. "दाखवायचं होतं. तुम्ही पाह्यलंच नव्हतं ना अजून."

शेठने पेढ्यांचा खोका मिटला. तो पायऱ्या उतरून चालू लागला. मायलेकींना हवे होते ते नाव मात्र निघाले नाही.

आता मी पुन्हा कपाटात आहे. अपिलाची मुदत टळली की मला वितळवतील. माझी समई होईल किंवा घंटा, आणि पुढच्या खंडेनवमीला मलाच घासून समोर ठेवतील. गाडी अधूनमधून येते, तिच्यावर ताजा हार असतो. यंत्र उपयोगी की निरुपयोगी, हा वाद अजून चालू आहे. दोन्ही बाजू जोरात आहेत. मी यंत्रावर रुसलेली नाही. ते बिचारे जे समोर ठेवाल ते वाचते. कोरे ठेवले तर कोरे वाचते.

म्हणून, मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन जिथे बसाल तिथे यंत्रे जरूर घ्या, त्यांना हारही घाला. पण माझ्यासारखी एखादी चिखलाने माखलेली, काळी पुंगळी सापडली, तर तिला स्वच्छ करू नका. तिच्या अंगावरची घाण हीच तिची साक्ष आहे. तिच्यावर वाटी पालथी घाला, शेजारी बसून राहा, आणि कुणी विचारले तर सांगा, विंचू आहे.