जास्त मिठाचा बर्फ

मी एक जुनी तांब्याची बादली आहे. पाणी भरायची नव्हे. माझ्यात बर्फ भरतात आणि पांढऱ्या वाइनची बाटली गळ्यापर्यंत बुडवून ठेवतात. मित्रांनो, तुमच्यातल्या लहानांनी माझ्याकडून फक्त बर्फ घ्यावा, बाकीचं मोठं झाल्यावर बघू.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीच्या खुणा आजही माझ्या अंगावर आहेत. तिथून मी एका छोट्या खाणावळीत आले. मालकाची बायको तिथे स्वयंपाक करायची. सगळे तिला ताई म्हणत. तिची रीत जगावेगळी होती. लोक आधी रांधतात आणि मग त्याला शोभेल अशी वाइन शोधतात. ताई आधी कोरड्या, म्हणजे बिनगोड वाइनचा घोट घ्यायची, डोळे मिटायची आणि मगच आज काय शिजवायचं ते सांगायची. गिऱ्हाइकं त्यासाठी लांबून येत. जाता जाता माझंही कौतुक करत, आणि खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलेही होते.

मग फ्रिज आला. गरज सरो, वैद्य मरो! माझ्यात कांदे ठेवू लागले. कांद्यांशी माझं वैर नाही, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

त्यातच ताईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची चव घेऊन गेला. जेवण ती नुसतं पोटात ढकलायची. खाणावळ बंद पडली. शेवटी एका दुपारी ती मालकाला म्हणाली, "अहो, आज एक बाटली उघडा. कोरड्या वाइनमध्ये लपायला साखर नसते. तिची चव कळली तर चूल पेटवीन. नाही कळली, तर दारावरची पाटी उतरवा."

नेमका फ्रिज बिघडलेला. मालकाने कांदे ओतून मला घासलं आणि बर्फ भरला. बाटली लवकर गार व्हावी म्हणून वर मुठी-मुठीने मीठ टाकलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो हे त्याला ठाऊक होतं. किती, ते नव्हतं. माझी कड पांढरी पडली. मला वाचा असती तर मी "अहो, पुरे!" म्हणून ओरडले असते.

ताईने घोट घेतला. डोळे मिटले.

"नुसतं गार पाणी," ती म्हणाली.

मालकाने स्टूल आणि स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि तो बाहेर गेला. पाटीचा पहिला स्क्रू कुरकुरला. ताई पेला दोन्ही हातांत घट्ट धरून रडत होती. चूक माझ्याच पोटात झाली होती आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

रडणं ओसरलं. टाकून कशाला द्यायची, म्हणून तिने उरलेला घोट घेतला आणि ती थबकली.

"अहो! उतरा खाली! हिरवं सफरचंद!"

मालक स्क्रू-ड्रायव्हरसकट धावत आला. "काय झालं गं?"

"सफरचंद! मागून लिंबाची साल. अहो, लागतंय मला!" तिने मला हात लावला आणि बोट झटकन मागे घेतलं. "किती मीठ घातलंत हो बर्फात?"

"अगं, लवकर व्हावं म्हणून..."

"जीभ गोठवलीत ती वाइनची, हातांच्या उबेने कुठे सुटली, आणि मी रडत बसले माझ्या जिभेला!"

मालक खुर्चीत मटकन बसला. "हुश्श," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. ताई हसतच सुटली.

"बसलात काय? मासा भाजा. वर लिंबू पिळा, लोणी नावाला. सोबत ताजं चीज आणि खारे बदाम. गोडाचं ताट मात्र या वाइनजवळ फिरकू देऊ नका. गोडापुढे ही बिचारी नुसती आंबट लागते."

संध्याकाळी चूल पेटली. माझा जीव तेव्हा भांड्यात पडला. त्या पाटीचा एक स्क्रू सापडलाच नाही, त्यामुळे ती अजून तिरकी लटकते आणि कुणी सरळ करत नाही. कांद्यांना आता खोकं मिळालं आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, एवढंच मागणं. बर्फ हवा तेवढा घाला, मीठ जपून. आणि आता चव उरली नाही असं ठरवून पाटी उतरवण्याआधी, पेला जरा वेळ हातात धरून बसा.