चार रंगांची लाज

मित्रांनो, मी एक जुनं डिस्प्ले कार्ड आहे. संगणकाच्या पोटात बसायचं, त्याच्याजवळचं चित्र ठिपक्या-ठिपक्यांनी वाचायचं आणि पडद्याला सांगायचं, हे माझं काम. पण रंगीत चित्रात मला एका वेळी चारच रंग देता येतात. जास्त रंग ठेवायला माझ्याजवळ जागाच नाही. त्या चारांतही हिरवा, लाल, तपकिरी हे तीन ठरलेलेच; बदलता येतो तो फक्त चित्रामागचा रंग.

माझा जन्म तैवानच्या कारखान्यातला. नागोठण्याजवळच्या एका ऑफिसात मी काही वर्षं आकडे दाखवले. तिथे दोनशे छप्पन्न रंगांची नवी कार्डं आली, आणि १९९३ साली मला जुन्या संगणकासकट रोह्याला हन्नाबाईंच्या संगणकाच्या क्लासात धाडलं. तिथला पडदा एकरंगी होता. त्यावर माझे रंग फक्त फिके-गडद दिसत, म्हणून माझी गरिबी झाकून राहिली.

कासू गावची नूतन रेल्वेने क्लासला येई. तिचा चुलता हैबतराव घरी कुरकुरत असे. “एवढं जाते-येते, शिकते काय ते तरी बघू,” असं म्हणून एक दिवस तो तिच्या आईला, गिरजाबाईला, घेऊन आला. क्लास चालू ठेवायचा की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं.

नूतनने प्रोग्रॅम लिहून शेतात लावणी करणारी आई काढली होती. हन्नाबाईंनी मुद्दाम रंगीत पडदा मागून आणला. नव्या पडद्यांच्या वायरीला पंधरा पिना, माझ्या खाचेत जागा नऊच पिनांची. म्हणून जुनाच शोधावा लागला.

चित्र उमटलं. निळं आभाळ, हिरवं भात, हिरवं लुगडं, तपकिरी बांध, तपकिरी चेहरा. आणि केस लालभडक. एकरंगी पडद्यावर तोच रंग गडद दिसला होता, म्हणून नूतनने तो केसांना दिला होता.

हैबतराव मोठ्याने हसला. मागची मुलंही हसली.

“माजे केस असे हायत काय गो?” गिरजाबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. “चल, घरी जाऊ.”

नूतनची मान खाली गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच लपवलं असतं. काळा रंग मागायला तिच्याकडे पाचवी जागाच नव्हती.

“नूतन,” हन्नाबाई हळूच म्हणाल्या, “चारातला फक्त मागचा निळाच बदलता येतो. सोडतेस तो?”

नूतनने प्रोग्रॅममधले दोन आकडे बदलले. निळा गेला, काळा आला. केस काळे झाले, पण आभाळही काळं झालं.

“आता रात्रीची लावणी काय?” हैबतराव म्हणाला.

“नाय काका. लावणीला आभाळ भरलेलंच असतं.”

कोणी हसलं नाही. गिरजाबाई पडद्याच्या अगदी जवळ गेली. पदर मागे सरला तरी तिच्या लक्षात आलं नाही.

“व्हय, मीच हाय ही,” ती म्हणाली. मग दिराकडे वळून, “भावजी, उद्या पन येईल ती हितं.”

तीन वर्षांनी क्लासात नवं कार्ड आलं. तोवर नूतन तिथेच शिकवू लागली होती. तिने मला कडेला धरून अलगद बाहेर काढलं, ब्रशने धूळ झाडली आणि खोक्यात ठेवलं. नव्या कार्डाच्या चकचकीत अंगाकडे बघताना मला पुन्हा लाज वाटली, आजही वाटते. तुमच्या घरी असं एखादं कार्ड असेल तर त्याला फेकू नका, दमट जागी ठेवू नका. आणि कोणाचं चित्र बघून हसण्याआधी त्याच्याकडे रंग किती होते, एवढं विचारा.