उजवा जड, डावा हलका

मित्रांनो, मी एक जुना खुळखुळा आहे. तान्ह्या बाळाच्या हातात देतात तसला नव्हे. मी मोठ्या बाईच्या पायात बांधायचा खुळखुळा आहे आणि माझं वजन एखाद्या धष्टपुष्ट बाळाइतकं तरी भरेल. आटवलेल्या दुधाचे अठ्ठावीस रिकामे डबे, उजव्या पायाला चौदा आणि डाव्याला चौदा, तारेनं एकमेकांना जखडलेले आणि चामड्यावर बसवलेले, म्हणजे मी. एवढे सगळे असूनही मी स्वतःला ‘मी’च म्हणतो, कारण आम्ही वाजतो ते एकदम.

माझा जन्म ओक्लाहोमात, एडा गावाबाहेरच्या एका लाकडी घराच्या मागच्या पायरीवर झाला. साल एकोणीसशे अठ्ठावन्न. मला घडवणारीचं नाव ओव्हालीन. ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी, चिकसॉ जमातीची होती, चोवीस वर्षांची, पदरात एक लहान मुलगी आणि जिभेला धार. चिकसॉ लोकांच्या नाचात आगीभोवती फेर धरतात. पुढे एक पुरुष गाण्याची ओळ उचलतो, मागचे पुरुष त्याला उत्तर देतात, आणि बायका पायात खुळखुळे बांधून ताल धरतात. गाणं आपल्यामुळे चालतं असं पुरुषांना वाटतं. बायका त्यांना तसं वाटू देतात.

खरा मान कासवाच्या पाठींच्या खुळखुळ्यांना असतो. ओव्हालीनच्या आईकडे ते होते, पण ते थोरल्या बहिणीला गेले. ओव्हालीनच्या वाट्याला काही आलं नाही. ती रुसली नाही. मुलीला पाजून रिकामे झालेले दुधाचे डबे ती वर्षभर खिडकीत रचत राहिली. मग एके दिवशी खिळा आणि हातोडी घेऊन बसली, डब्यांना भोकं पाडली, आत ब्लू नदीच्या काठचे खडे घातले आणि तोंडं पत्र्याच्या तुकड्यांनी बंद केली. राहता राहिलं चामडं. ते दाराआड उभं होतं.

संध्याकाळी तिचा नवरा जेस घरी आला आणि शोधाशोध करू लागला.

“माझे लांब बूट कुठं गेले गं?”

“आहेत की तिथंच. जरा आखूड झालेत.”

जेसनं बूट उचलून पाहिले. घोट्याच्या वरचा भाग गायब होता.

“अगं बये! हे घालून मी घोड्यावर बसू?”

“पायीच चाल आता. पोट कमी होईल.”

जेस दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या बंदांना भोकं पाडून दिली. माझं चामडं त्याच्या बुटांचं आहे, हे मी कधी विसरलो नाही.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी साठ वर्षांत ओव्हालीनशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. तिचा धाकटा भाऊ वेंडेल. आवाज असा, की नदीच्या पलीकडून ऐकू यावा. त्याच्या मामानं त्याला आपली सगळी गाणी दिली होती आणि त्या वर्षी तो पहिल्यांदा पुढे उभा राहणार होता. पण त्याची एक खोड होती. ओळ कोणत्या पावलावर उचलायची हे त्याला कळत नसे. डाव्यावर उचलली की मागच्यांचं उत्तर लंगडायचं, फेर विस्कटायचा, आणि म्हातारे माना हलवायचे. ओव्हालीननं त्याला समजावलं नाही. समजावलं असतं तर तो चिडला असता. तिनं माझ्या उजव्या डब्यांत मोठे खडे घातले आणि डाव्यांत बारीक. उजवं पाऊल पडलं की घनगंभीर आवाज, डावं पडलं की नुसती सळसळ. जड, हलका. जड, हलका. वेंडेलच्या पाठीमागे पहिली ती उभी राहिली आणि त्या जड आवाजावर त्यानं ओळ अचूक उचलली.

त्या दिवसापासून वेंडेलसारखा गाणारा नाही, असं लोक म्हणू लागले. वेंडेललाही ते पटलं.

आमच्यात एक रीत आहे. पुढे गाणारा मागे वळून पाहत नाही. त्यानं वळून पाहिलं, तर पाठीमागच्या बाईचा ताल चुकला असं समजायचं, आणि ते तिला आठवडाभर पुरतं. वेंडेलनं ओव्हालीनकडे कधी वळून पाहिलं नाही. कल्लीहोमाच्या नाचाच्या मैदानावर किती रात्री गेल्या, किती पहाटा झाल्या, याची मोजदाद मी ठेवली नाही. कासववाल्या बायका मला “डबडी” म्हणायच्या. “पावसात गंजतील हो तुझी डबडी,” असं एकीनं म्हटलं, तेव्हा ओव्हालीन म्हणाली, “तुझं कासव खरं तर पाण्यातच राहायला हवं होतं.” एकदा जेसच्या गाडीच्या मागच्या फळीवरून मी खाली पडलो आणि उजव्या पायाच्या एका डब्याला खोल पोचा आला. त्यावर कोणी रडलं नाही. जेस वारला तेव्हा मात्र ओव्हालीननं मला वर्षभर हात लावला नाही. मी ते समजू शकतो.

नंतर तिचे गुडघे गेले. वेंडेलच्या मागे दुसऱ्या बाया उभ्या राहू लागल्या, तसा तोही “घसा बसलाय” म्हणून मागे मागे राहू लागला. मला उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून पलंगाखाली सरकवलं. तिथे नऊ वर्षं गेली. नऊ वर्षं म्हणजे काय, हे पलंगाखाली कळतं. गंज चढतो. उंदीर येतो, चामड्याचा वास घेतो आणि नापसंती दाखवून जातो.

मला बाहेर काढलं केंड्रानं. केंड्रा ही ओव्हालीनची नात, मुलीची मुलगी. तिचा हात मण्यांच्या कामात बसलेला. सूर्य, भोवरे, वेलांटीच्या जुन्या नक्षी ती अशा शिवते, की म्हाताऱ्या बायका चष्मा पुसून पुन्हा पाहतात. तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, आजीचा खुळखुळा कलेच्या प्रदर्शनात मांडायचा. दुसरी, शरदातल्या मेळाव्यात आजीच्या जागी, वेंडेल आजोबांच्या पाठीमागे उभं राहायचं. पावलं तिला आजीनं लहानपणीच शिकवली होती. वेंडेलला मुलगा नव्हता, भाचे शहरात होते. तो गायचा थांबला तर मामाची गाणी त्याच्याबरोबर जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

तिनं माझा गंज घासला. जेसच्या चामड्यावर मण्यांचे सूर्य शिवले. इथपर्यंत तक्रार नाही, मी जन्मात इतका देखणा कधी दिसलो नव्हतो. मग तिनं माझी तोंडं उघडली आणि आतला माल बाहेर ओतला. कुठे सात खडे, कुठे बारा, कुठे मोठे, कुठे अगदी कणी, त्यात माती आणि कोळ्याचं जाळं. व्यवस्थित मुलीला ते बघवलं नाही. तिनं बाजारातून माशांच्या काचपेटीत टाकतात तसले गोल, गुळगुळीत, एकसारखे खडे आणले आणि प्रत्येक डब्यात अकरा-अकरा घातले. जुने अंगणातल्या खडीत फेकून दिले. तिनं हे माझ्यावरच्या प्रेमानं केलं. म्हणून तर विचारायचं राहून गेलं.

प्रदर्शनात मला पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली. तीन आठवडे मी एका चौथऱ्यावर बसून होतो, शेजारी पाटी : “कृपया हात लावू नये.” लोक आले, वाकले, वाहवा करून गेले. एकानंही पायात बांधून पाहिलं नाही, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

मेळाव्याच्या महिनाभर आधी, एका रविवारी दुपारी सराव ठेवला. पाशोफ्याचं मोठं पातेलं उकळत होतं, मका आणि डुकराचं मांस शिजल्याचा वास सुटला होता. वेंडेल केंड्राच्या आग्रहाखातर आला होता. वय शहात्तर, डोक्यावर नवी टोपी. त्यानं ओळ उचलली. डाव्यावर. मागचं उत्तर लंगडलं. त्यानं पुन्हा उचलली, पुन्हा डाव्यावर. मी शक्य तितक्या जोरात वाजत होतो, पण दोन्ही पाय सारखेच वाजत होते. मग वेंडेल थांबला आणि त्यानं मागे वळून पाहिलं.

केंड्राचा चेहरा पडला. पण तो तिच्याकडे रागानं पाहत नव्हता. तो घाबरला होता.

“तुझं बरोबर आहे गं पोरी,” तो म्हणाला. “मलाच पाऊल सापडेना. कान गेला वाटतं माझा.”

त्या आठवड्यात तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाला, कान उत्तम आहेत. ही खरं तर आनंदाची बातमी. वेंडेल मात्र ओव्हालीनच्या व्हरांड्यात येऊन कपाळाला हात लावून बसला.

“कान धड आहे म्हणजे डोकं गेलं, ताई. मेळाव्यात दुसऱ्या कोणाला तरी उभं करा. मी आता बसतो.”

“बस बस. कॉफी पिऊन बस,” ओव्हालीन म्हणाली. तो गेल्यावर मात्र तिनं केंड्राला हाक मारली. “ती डबडी आण इकडे.”

तिनं माझ्या उजव्या चामड्यात एक हात घातला, डाव्यात दुसरा, आणि मला मांडीवर आपटलं. एकदा. दोनदा. मग तिनं केंड्राकडे पाहिलं.

“आतले खडे कुठंयत?”

“बदलले, आजी. ते सगळे लहानमोठे होते. मी सारखे केले.”

ओव्हालीननं मला मांडीवर आडवं ठेवलं. नंतर तिनं तेच सांगितलं जे मी तुम्हाला वर सांगितलं. केंड्रा उठून अंगणात गेली आणि खडीत गुडघे टेकून शोधू लागली. पण खडीत खडे शोधायचे कसे? परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

“आजी, मी नवे आणते नदीवरनं. केवढे होते ते सांग.”

“साठ वर्षं झाली गं. मला काय आठवतंय?” ओव्हालीन म्हणाली, आणि तिनं सवयीनं मला पुन्हा एकदा आपटलं, यावेळी जरा रागानं.

टक्.

बाकीच्या गुळगुळीत खडखडाटात तो एकच आवाज वेगळा होता. तिनं कान लावला. पुन्हा आपटलं. पोचा आलेला डबा. गाडीवरून पडलो तेव्हा त्या पोच्याच्या घडीत एक खडा अडकला होता, तो केंड्राच्या सफाईतून सुटला होता. केंड्रानं डोक्यातली पिन काढून तो ओढून काढला. तपकिरी, कंगोरेदार, मक्याच्या दोन दाण्यांएवढा. ओव्हालीननं तो तळहातावर घेतला आणि मूठ मिटली.

“हां,” ती म्हणाली. “हा उजव्याचा.”

दुसऱ्या दिवशी दोघी ब्लू नदीवर गेल्या. ओव्हालीनला काठ उतरवेना, ती गाडीतच बसली. केंड्रा ओंजळी भरभरून आणायची, ओव्हालीन खडे त्या एका खड्याशी ताडून पाहायची, डब्यात घालून वाजवायची आणि खिडकीतून फेकायची. “हा गोल आहे. गोल खडा घरंगळतो, बोलत नाही. जा, दुसरे आण.” केंड्रा दिवसभर खाली-वर करत राहिली. संध्याकाळपर्यंत उजवे चौदा भरले, डावे चौदा भरले. डाव्यांसाठी मापच नव्हतं. ते ओव्हालीननं डोळे मिटून केवळ कानानं भरले.

“वेंडेल आजोबांना सांगायचं ना?” परतताना केंड्रानं विचारलं.

“काही नको. त्याला कशाला खजील करायचं? खडे बदललेत, आता आपोआप जमेल त्याचं.”

“ते येणारच नाहीत, आजी. त्यांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं. माझ्या चुकीपायी ते मनात कुढतायत.”

 भावाचा मान राखावा की त्याची भीती घालवावी, हा ओव्हालीनपुढचा पेच मला कळत होता. शेवटी ती म्हणाली, “मग तूच सांग. माझी जीभ नाही रेटायची.”

मेळाव्याच्या दिवशी वेंडेल आला, पण खुर्ची घेऊन आला. केंड्रा त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं. खडे, काचपेटी, उजवा, डावा, सगळं. वेंडेल ऐकत राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यानं मान वळवून बहिणीकडे पाहिलं.

“म्हणजे अठ्ठावन्न सालापासून मी तुझ्या दगडांवर गातोय?”

“गाणी तुझी,” ओव्हालीन म्हणाली. “दगड तेवढे माझे.”

“कधी बोलली नाहीस!”

“तू कधी वळून पाहिलं नाहीस.”

वेंडेल आधी खुदकन हसला, मग टोपी काढून डोळे पुसण्याइतका हसला. त्यातलं हसू किती आणि बाकीचं किती, हे मी सांगू शकत नाही. मग तो उठला. खुर्ची त्यानं ओव्हालीनच्या शेजारी ठेवली, रिकामीच, आणि मैदानात जाऊन उभा राहिला.

केंड्रानं मला पायात बांधलं. टॉवेल गुंडाळून, बंद आवळून, जसं आजी बांधायची तसं. मी वाजलो. जड, हलका. जड, हलका. वेंडेल चार पावलं नुसताच चालला. पाचव्याला, उजव्यावर, त्यानं ओळ उचलली, आणि मागून उत्तर आलं ते सरळ. फेर पूर्ण झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. केंड्राची नजर त्याच्या मानेवर खिळली होती. मान वळली नाही.

कडेला खुर्चीत बसलेली ओव्हालीन मला फेरीगणिक दिसत होती. तिचे डोळे मिटलेले होते. साध्या कापडी चपलांतली तिची पावलं जमिनीवर पडत होती, उजवं जोरात, डावं हळू.

त्यानंतर वर्षभरानं ती गेली. मी आता केंड्राच्या दारामागच्या खुंटीवर असतो, महिन्यातून दोनदा तरी पायात असतो. निळी फीत कुठे आहे मला ठाऊक नाही. वेंडेल अजून गातो, आणि केंड्राच्या दोन भाचरांना ओळी शिकवतो. त्यांनी पाऊल चुकवलं की तो म्हणतो, “माझ्याकडे काय बघताय? मागचं ऐका.”

मित्रांनो, तुमच्याही घरात पलंगाखाली कोणीतरी असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, हवी तर मण्यांची नक्षी करा, आम्हाला नटायला आवडतं. पण त्याच्या आत जे काही लहानमोठं, वेडंवाकडं, मातीत माखलेलं सापडेल, ते सारखं करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. ते कोणीतरी कोणासाठी तरी मुद्दाम घातलेलं असतं. आमच्या वेळी विचारायला ओव्हालीन होती.

तो तपकिरी खडा केंड्रानं पुन्हा त्याच पोच्यात दाबून बसवला आहे. जोरात पाय आपटला तरच तो बोलतो.