यादीतली सातवी ओळ

“सुनेला सुबुद्धी मिळावी असं मी लिहिणार नाही, आजी!” मिस्त्री सिंकखालून ओरडले. फोन कान आणि खांद्यामध्ये धरलेला, वरून पाणी मानेवर ठिबकतंय. “ती पलीकडच्याच मंडळीत जाते. प्रार्थनेची यादी तिच्यासमोरच वाचतील. ‘घरातल्या शांतीसाठी’ लिहितो. हो, गुडघा लिहितो. दोन्ही लिहितो!”

मिस्त्री नळजोडणीचं काम करत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या चर्चमध्ये भांडण झालं आणि निम्मी माणसं उठून पलीकडच्या रस्त्यावर गेली. तेव्हापासून दोन्ही मंडळ्या एकमेकांच्या लग्नालाही जात नव्हत्या. शेवटी दोन्ही पाळकांनी तोडगा काढला: निदान एकमेकांच्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करू. दर गुरुवारी यादी पाठवायची. हे लोढणं मिस्त्रींच्या गळ्यात पडलं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं.

त्यांनी फोन ठेवला, तर लगेच पुन्हा वाजला. पलीकडच्या मंडळीची यादी सांभाळणाऱ्या निवृत्त नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत.

“मिस्त्री, सातव्या ओळीचं विचारायचं होतं. वहिनींचं. आठ महिने तुम्ही जवळजवळ तेच लिहिताय, पायांची सूज, अन्नावर वासना नाही. काही उतार?”

मिस्त्री सिंकखालून बाहेर आले. हातातला पाना खाली ठेवला.

“ती गेली,” ते म्हणाले. “मार्चमध्ये.”

 सिस्टरांचा आवाज चढला. “अहो, आमची अकरा माणसं रोज सकाळी प्रार्थनेला उभी राहतात! आम्ही कुणासाठी उभे राहिलो इतके दिवस?”

“खोडायचं राहून गेलं.”

“पस्तीस वेळा?”

“राहून गेलं म्हटलं ना!”

“मग उद्या येऊन त्यांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

‘नसती ब्याद’ असं पुटपुटत मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. बारा वर्षांत त्या दारातून ते पहिल्यांदाच आत गेले. पटकन सांगायचं आणि कामाला पळायचं, असं ठरवून त्यांनी चप्पलही नीट काढली नव्हती.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. तर पुढच्या बाकावरची एक बाई तोंडाला पदर लावून रडायलाच लागली. मिस्त्रींचं डोकं फिरलं. हिने माझ्या बायकोला कधी पाहिलंसुद्धा नाही!

“भाताची पेज तरी जात होती का हो त्यांना?” बाईने विचारलं. “जूनमध्ये तुम्ही लिहिलं होतंत, दोन घास खाल्ले म्हणून. आम्ही किती आनंद केला त्या दिवशी.”

जूनमध्ये. ते मिस्त्रींनी खरंच लिहिलं होतं. नुसतं खोडायचं राहिलं नव्हतं. एका गुरुवारी, रिकाम्या घरात, त्यांनी कागदावरच तिला दोन घास भरवले होते.

“खोटं होतं ते,” ते म्हणाले. “रागवा हवं तर.”

कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ तिरसटपणे म्हणाले, “रागावलोच आहोत. माणूस गेलं की सांगायचं असतं. आम्ही मातीला आलो असतो.”

“तुम्ही? आमच्याकडे?”

“नसतो आलो कदाचित,” म्हाताऱ्याने कबूल केलं. “पण सांगायचं असतं.”

सिस्टरांनी यादी समोर धरली. पट्टी लावून सातव्या ओळीवर एकच सरळ रेघ ओढली आणि पेन मिस्त्रींच्या हातात दिलं. रेघेच्या खाली थोडी जागा होती. मिस्त्रींनी तिथे सुबक अक्षरात ‘मिस्त्री’ एवढंच लिहिलं.

“कशासाठी, तेही लिहायचं असतं,” सिस्टर म्हणाल्या.

“ते तुम्हीच ठरवा आता,” मिस्त्री वैतागून म्हणाले. दाराकडे वळलेले पाय मात्र तिथेच थबकले.

म्हाताऱ्याने बाकावरची आपली टोपी उचलली आणि सरकून जागा केली.