टॉवेलखालचे कपडे

दुपारच्या शांततेत मोरीतला नळ खाकरला. आधी नुसती हवा, मग दोन थेंब, मग पुन्हा काहीच नाही. आमच्याकडे चारला पाणी येतं आणि त्याआधी दहा-पंधरा मिनिटं तो असा घसा साफ करत बसतो. जुई झोपलीय. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाली भाजी आणायला गेल्यात. तेवढाच वेळ माझा. गेले आठ दिवस मी असंच, नळ आणि जुई यांच्या मधल्या फटीत बसून हे लिहितेय.

मला आईंचे आभार मानायचे आहेत. तोंडावर मानले तर म्हणतील, "चल, आधी पातेली भर." म्हणून लिहून ठेवते.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. जुई पोटात होती, सहावा महिना लागला होता. लालबागच्या या चाळीत लग्न होऊन मी आले त्याला जेमतेम वर्ष झालेलं. एक खोली, कोपऱ्यात पडदा लावलेली मोरी, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, अकरा बिऱ्हाडांत चार. माझं माहेर माझगावचं. पपांना गोदीत नोकरी, क्वार्टर्समध्ये सगळं घरातल्या घरात. हितेंद्रशीच लग्न करणार म्हटल्यावर मम्मी एकच वाक्य बोलली होती, "बालदी घेऊन लायनीत उभी राहशील ना, तेव्हा माझी आठवण काढ." मी म्हटलं होतं, "नाही काढणार." आणि शब्द पाळायला बसले.

त्या महिन्यात मला खाली खाज सुटायला लागली. आधी वाटलं घामामुळे असेल. मग आग व्हायला लागली, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यायचं. आणि अंगावरून पांढरं जायला लागलं, नेहमीसारखं पातळ नाही, नासलेल्या दुधासारखं फुटकं फुटकं. मी मनाशी ठरवून टाकलं की हे त्या संडासातूनच आलं. पण तसं मोठ्याने म्हटलं असतं तर दोष आईंच्या घराला लागला असता. आणि माहेरी सांगितलं असतं तर मम्मी जिंकली असती. राहता राहिला हितेंद्र. त्याला सांगायचं म्हणजे शब्द कुठले आणायचे?

मग मी माझा इलाज सुरू केला. फरशी पुसायला हवी म्हणून केमिस्टकडून जंतुनाशकाची बाटली आणली. तांब्याभर पाण्यात एक झाकण. फरक पडेना, तेव्हा दोन झाकणं. फोनवर जाहिरात बघून गुलाबाच्या वासाचं ते खास धुवायचं लिक्विडही मागवलं. दिवसातून पाच-पाच वेळा धुवायचे, आतपर्यंत. वर आणखी एक शहाणपण केलं. संडासला कमी वेळा जावं लागावं म्हणून पाणी प्यायचं कमी केलं, आणि लागली तरी धरून ठेवायची.

कपड्यांचं तर विचारूच नका. आमच्या गॅलरीत साड्या वाळतात, चादरी वाळतात, बाप्यांच्या चड्ड्या आणि गंज्या वाळतात. बायकांच्या निकर मात्र आत, खोलीतल्या दांडीवर, वरून टॉवेल टाकून. कुणी शिकवत नाही हे, सगळ्यांना ठाऊकच असतं. माझगावलाही तसंच होतं. तीन निकर एकावर एक, त्यांवर जाड टॉवेल. दुसऱ्या दिवशी हात लावला तर दमट. तशाच घालायच्या, कारण अंगावर वाळतात.

प्रसूतिगृहातल्या डॉक्टर देविका मॅडम दर खेपेला विचारायच्या, "काही त्रास?" मागे रांग, पुढे रांग, शेजारी आई बसलेल्या. मी दोनदा "नाही" म्हटलं. आणि घरी येऊन पोटावर हात ठेवून बसायचे. बाळाने लाथ मारली की सुटल्यासारखं वाटायचं. नाही मारली की वाटायचं, माझी घाण त्याच्यापर्यंत पोचली. खरंच, हाच शब्द यायचा मनात, घाण.

एका दुपारी आई बांगडे साफ करत बसल्या होत्या. मी मोरीतून बाहेर आले, मागोमाग जंतुनाशकाचा वास, तशी त्यांनी मान वर केली. पन्नास वर्षं मुंबईत काढून त्यांची भाषा आता सरमिसळ झालीय, पण रागावल्या की थेट मालवणात जातात.

"गो रुपाली, मोरयेत दवाखानो उघडलंस काय?"

"फरशी धुतली, आई."

"फरशी? ती सकाळी मी घासली." कल्ले काढता काढता त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि फरशी धुवून बाई अशी चालते होय? बदकासारखी?"

"सहावा महिना आहे ना."

"माका पण सहावो महिनो होतो. तीनदा."

त्या उठल्या, हात धुतले, पुसले, आणि सरळ दांडीकडे गेल्या. टॉवेल उचलला. खालच्या निकर दोन बोटांत धरून दाबून पाहिल्या. मला वाटलं, धरणी दुभंगावी.

"कालच्या ना ह्या? अजून ओल्या."

एवढ्यानेच मी रडायला लागले. आणि मग सगळंच सांगून टाकलं. खाज, आग, बाटली, झाकणं, संडाससुद्धा. मला वाटलं आता हळद येईल, कडुनिंब येईल, नाहीतर माझगावचा उद्धार तरी होईल. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

"पाणी सुटल्यासारखं झालं काय? एकदम पातळ?"

"नाही."

"पोर फिरतंय?"

"हो."

"उद्या माझ्यावांगडा चल." आणि ती बाटली उचलून त्यांनी दाराबाहेर ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रसूतिगृहाच्या बाकावर आमच्यापुढे बारा जणी होत्या. आई समोरच्या भिंतीकडे बघत बोलल्या, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

"हितेंद्रच्या आधी मला मुलगी झाली होती. असाच त्रास व्हायचा. वास पण यायचा. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने सांगितलं, तुरटीच्या पाण्याने धू. मी धुतलं. कुणाला बोलले नाही. सासूला नाही, ह्यांना नाही. सातव्यात पाणी सुटलं. एक दिवस जगली पोर."

मी त्यांच्याकडे वळले. त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"त्याच्यामुळेच झालं की आणखी कशामुळे, देवाक म्हायत. मी डॉक्टरला विचारलंच नाही कधी. पण तोंड उघडलं असतं तर निदान कळलं तरी असतं, नाय?"

आमचा नंबर आला. देविका मॅडमनी चष्मा डोक्यावर सरकवला. "काही त्रास?"

सवयीने माझ्या तोंडातून पुन्हा "नाही" निघालं.

"खोटा बोलता ती, मॅडम," आई म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं, बाटली आणि ते गुलाबाचं लिक्विडसुद्धा. पडद्यामागे मॅडम तपासत होत्या तेव्हा पडद्याच्या खालच्या फटीतून मला आईंचे पाय दिसत होते. निळ्या पट्ट्यांच्या स्लिपरा, अंगठे वर उचललेले. मॅडम म्हणाल्या, "गर्भपिशवीचं तोंड घट्ट बंद आहे. बाळ मजेत आहे." ते ऐकून ते अंगठे खाली टेकले.

मॅडमनी कापसाच्या काडीवर नमुना घेतला, लघवीची आणि साखरेची तपासणी लिहून दिली. "बुरशीचा संसर्ग दिसतोय. पोटुशी बायकांना होतो तो, आतलं वातावरणच बदललेलं असतं. आणि त्यावर तू काय ओतलंस ते? कातडी सोलून घेतलीस, बाई."

"संडासामुळे झालं का, मॅडम?" मी हळूच विचारलं. "आमचा कॉमन आहे."

"माझ्या घरात दोन संडास आहेत. मला पाचव्या महिन्यात झालं होतं. आता बोल."

मी आईंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या, पण ओठ दाबलेले.

मॅडम लिहिता लिहिता बोलत होत्या. सात रात्री एक-एक गोळी, योनीत ठेवायची. मनाने आणून घेऊ नकोस कधी, दर वेळी हेच असेल असं नाही. धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्याने. "आत काही घालायचं नाही. आतलं शरीर स्वतःचं स्वतः साफ ठेवतं, त्याला तुझी मदत नको. गुलाब देवाला वाहा." पुसायचं पुढून मागे, कधीच मागून पुढे नाही. पाणी भरपूर, आणि लघवी तुंबवायची नाही. पाण्यासारखं जायला लागलं, रक्त दिसलं, घाण वास आला, ताप किंवा पोटात कळा आल्या, तर तारखेची वाट न बघता निघून यायचं. मग पेन थांबलं. "निकर कॉटनची वापरतेस ना? वाळत कुठे घालतेस?"

आईच म्हणाल्या, "टॉवेलखाली."

"तुम्ही सगळ्या जणी टॉवेलखालीच घालता," मॅडम म्हणाल्या. "कोरडी खडखडीत झाल्याशिवाय घालायची नाही. ऊन दाखवा त्यांना. काय चोरीचा माल आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, गॅलरीत ऊन आलं तेव्हा, त्यांनी माझ्या चार निकर आणि स्वतःच्या दोन एका ओळीत, चिमटे लावून, बाहेरच्या तारेवर घातल्या. मी दाराआडून बघत होते. बाहेर जायची हिंमत नव्हती.

पाच मिनिटांत दोन खोल्या पलीकडचे शामराव आले. आमच्या चाळीचे सेक्रेटरी.

"शेवंतीवहिनी, काय हे? माणसं येतात जातात. गॅलरीला काही शोभा आहे की नाही?"

"शामराव," आई म्हणाल्या, "तुमची ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तीस वर्षं माझ्या दारासमोर वाळतेय. तिच्याखालून वाकून मी पाणी भरते. मी कधी शोभा विचारली?"

पलीकडच्या खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तसं नाही हो, पण..."

"डॉक्टरणीनं सांगितलंय. सुनेला दिवस गेलेत. माझ्या नातवंडापेक्षा तुमचा डोळा नाजूक असेल तर तिकडच्या जिन्याने जा."

मग माझे सासरे, धोंडूतात्या, बाहेर आले. तात्या बोलत नाहीत. गिरणी बंद पडली तेव्हापासून त्यांचं बोलणं कमी झालं असं हितेंद्र सांगतो. त्यांनी स्टूल आणलं, बरोबर तारेखाली ठेवलं, आणि पेपर उघडून बसले. वरून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी तो पुसला आणि पान उलटलं. शामराव "बरं, बरं" करत गेले.

तात्या आठवडाभर रोज नऊ ते अकरा तिथे बसले. आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. चौथ्या दिवशी पलीकडच्या सलोनीने आपल्या दोन निकर आमच्या ओळीला जोडल्या. "तात्या, माझ्यावर पण लक्ष ठेवा हां," असं म्हणाली, आणि तात्या चक्क हसले.

पाच दिवसांनी रिपोर्ट आला. बुरशीच होती, बाकी काही नाही. साखर ठीक, लघवी ठीक. माझी आग त्याआधीच, तिसऱ्या-चौथ्या गोळीला, शांत व्हायला लागली होती. सात गोळ्या पुऱ्या केल्या, मॅडमनी बजावलं होतं म्हणून. तांब्या तांब्या पाणी प्यायले, दहादा लायनीत उभी राहिले, आणि मम्मीला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी पण टॉवेलखालीच घालते गं."

सातवा महिना लागला. आई रोज सकाळी चहा देताना माझ्याकडे बघायच्या, विचारायच्या नाहीत. मीच सांगायचे, "काही नाही, आई. सगळं ठीक." सातवा गेला, आठवा गेला. जुई नववा महिना भरून, वर चार दिवस घेऊन आली. पावणेतीन किलो, आणि आवाज असा की शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकलं.

पहिला अख्खा दिवस आई तिच्याजवळून हलल्या नाहीत. जेवायला चला म्हटलं, नाही. हितेंद्रने चहा आणला, तो तसाच गार झाला. नुसतं तिच्या छातीकडे बघत बसल्या होत्या, श्वास मोजत असाव्यात. दुसरा दिवस उजाडला. दुपारी जुई जन्मली होती ती वेळ आली, आणि टळली. तेव्हा आईंनी पदराने तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, "हितेंद्र, चहा आण रे. साखर जास्त." तो अख्खा कप त्यांनी एका दमात संपवला.

तेव्हा मी काही बोलले नाही. आज म्हणते. आई, तुम्ही तो टॉवेल उचललात, त्याबद्दल.

जुई उठलीय. मोरीत गेलीय, हल्ली तिला सगळं स्वतःचं स्वतः करायचं असतं.

"आई! पुढून मागे ना?"

"हो. पुढून मागे."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरांनी. तू माझ्या पोटात होतीस ना, तेव्हा आजीने मला त्यांच्याकडे नेलं होतं."

पडदा बाजूला झाला. ओले पाय, वर धरलेला फ्रॉक, आणि तिचा तो विचार करतानाचा चेहरा.

"आणि आजीला कुणी नेलं होतं?"