सत्ताविसावं नाव

डोलोरेस हुडाकने सत्ताविसावी खुर्ची उलगडून दुसऱ्या रांगेच्या टोकाला ठेवली आणि रांग सरळ आली का ते बघायला एक डोळा मिटून चार पावलं मागे गेली. रांग सरळ होती. तेवढ्यात डीन लॅथम हॉलच्या दारातून आत आले. त्यांच्या हातात संध्याकाळची कार्यक्रमपत्रिका होती आणि तर्जनी तिच्या मधोमध रोवलेली होती, जणू बोट उचललं तर खालचं नाव पळून जाईल.

"हे काय आहे?"

"पत्रिका," डोलोरेस म्हणाली. "तुम्ही सही केलेल्या यादीवरून छापलीय."

सही डीनचीच होती. गेली तीन वर्षं डोलोरेसने कागदावर पिवळा बाण चिकटवला की ते बाणाच्या टोकाशी सही करत. वाचून सही करणं म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यात विश्वासू बाईवर संशय घेणं, असं ते म्हणत. त्यात वेळही वाचे. मार्चमध्ये तिने ही यादी ढिगाच्या तळाशी दडवली नव्हती. सगळ्यात वर ठेवली होती, ठळक टाइपात. डीन त्या वेळी पार्किंगमधल्या खड्ड्यांविषयी फोनवर कुणाला तरी झापत होते. सही झाली.

यादी होती 'लँप अँड लॉरेल'ची. कॉलेजातल्या गुणवंतांची ही सोसायटी. दर एप्रिलमध्ये नव्या सभासदांना व्यासपीठावर बोलावायचं, फीत लावायची, जाडजूड नोंदवहीत त्यांची सही घ्यायची, हातात मेणबत्ती द्यायची. मेणबत्त्या हल्ली सेलवर चालतात. एका वर्षी खऱ्या मेणबत्त्यांच्या धुरानं छतातले आग विझवायचे फवारे सुरू झाले आणि बावीस गुणवंत भिजले. त्या दिवशी टॉवेल शोधून आणणारीही डोलोरेसच होती. एकोणीस वर्षं हा समारंभ तीच उभा करत आली होती, आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मंगळवार-गुरुवार संध्याकाळी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून बसून तिने एकेक विषय पास केला होता. गुणांची सरासरी चारपैकी ३.९. सोसायटीला ३.५ पुरते.

"फेब्रुवारीत आपलं बोलणं झालं होतं, डोलोरेस."

"झालं होतं. तुम्ही म्हणालात, हे विद्यार्थ्यांसाठी असतं. मग मी घरी जाऊन विचार केला, की मंगळवार-गुरुवारी सहा ते नऊ मी नक्की कोण असते."

डीननी आवाज खाली आणला. विश्वस्त मंडळातले दोघं येणार होते. नोकरीवरच्या माणसानं विद्यार्थ्यांच्या रांगेत बसणं बरं दिसत नाही, पाहुणे कुणी सांभाळायचे हाही प्रश्न आहे, आणि आपल्याला व्यक्तिशः तिच्याविषयी आदरच आहे, असं सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. आदर शेवटी आला तेव्हा डोलोरेसने ओळखलं, की खरं कारण अजून पोटात आहे. ते आलंच.

"लोक म्हणतील, यादी करणारीनेच यादीत स्वतःचं नाव घातलं."

टेबलावरचा कपडा सरळच होता. डोलोरेसने तो पुन्हा सरळ केला. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, तळहातानं, सावकाश.

"नाव मी टाइप केलं. गुण मी दिले नाहीत," ती म्हणाली. "स्टॅटिस्टिक्समध्ये मला ए देताना डॉक्टर ओसेई इतके नाराज होते, की त्यांनी माझा पेपर दोनदा तपासला. त्यांना विचारा."

"मला विचारायची गरज नाही. मी लोकांचं सांगतोय." डीन जरा जवळ आले. "पत्रिका छापून झालीय, ती असू द्या. पत्रिका कोण वाचतं? नावं तुम्हीच पुकारणार आहात. एक पुकारू नका, बस. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

"माझ्या येईल."

"पुढच्या वर्षी मी स्वतः पुकारेन तुमचं नाव. शब्द देतो."

डीननी स्वतः नावं पुकारली ते वर्ष गावात अजून सांगितलं जातं. चौथ्या नावाला एका मुलीची आई उभी राहून म्हणाली होती, "साहेब, आम्ही हिला असं म्हणत नाही." तेव्हापासून पुकारा डोलोरेसकडे. ती आठवडाभर आधी एकेका घरी फोन लावायची आणि नाव कसं म्हणायचं ते विचारून, दोनदा म्हणून दाखवायची.

तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असा हिशेब करून डीननी टोकाची खुर्ची आपल्या हातानं मिटली, भिंतीला टेकवली आणि ते टाय बदलायला गेले. दार त्यांच्यामागे नीट लागायच्या आत खुर्ची रांगेत परत आली.

सोसायटीचे मार्गदर्शक प्राध्यापक फ्रेड ओब्रिंगर नोंदवही काखेत मारून आले. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि तोवर कुणाशी वाजू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. डीन जिन्यात भेटल्याचं त्यांनी सांगितलं.

"डोलोरेस, मला यातलं काही माहीत नाही, असं मी ठरवलंय."

"ठरव. वहीत किती ओळी आखल्यास ते सांग."

फ्रेडनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सत्तावीस," ते म्हणाले. "शाईनं."

सहा वाजता तिची बहीण बर्निस जॉन्सटाउनहून आली. हातात बिस्किटांचे तीन डबे, कारण या भागात बिस्किटांच्या टेबलाशिवाय लग्न होत नाही, तर हे काय होणार. डबे मांडता मांडता तिने धाकटीला आपादमस्तक न्याहाळलं. एकोणीस वर्षं लोकांच्या पोरांच्या फिती सरळ करतेस, आज तुझी कोण लावणार, असं तिने विचारलं. फ्रेड, असं उत्तर मिळाल्यावर ती म्हणाली, "त्याचे हात कापतात. पिन टोचवेल तो तुला." तोंड का असं झालंय, हेही तिने विचारलं. डोलोरेस म्हणाली, खुर्च्या उचलल्या ना, म्हणून.

साडेसहाला हॉल भरला. दीडशेच्या आसपास माणसं, त्यांत पाच तान्ही मुलं. विश्वस्त दोघं पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी डीन. सव्वीस नवे सभासद आत येऊन बसले. टोकाची खुर्ची रिकामी राहिली. डीननी ती पाहिली आणि मग व्यासपीठाकडे पाहिलं. डोलोरेस ध्वनिक्षेपकापाशी यादी घेऊन उभी होती, काळ्या पोशाखात, नेहमीसारखी.

तिने पुकारा सुरू केला. एकेक जण उठे, फ्रेडसमोर फीत लावून घेई, वहीत सही करी, मेणबत्तीचं बटण दाबून जागेवर येई. गॅस्किन्स झाली. हॉलोवे झाला, दिवसा वेल्डिंग करून थेट आलेला, नखांत काळं तसंच. डोलोरेसचं बोट पुढच्या ओळीवर, तिच्या स्वतःच्या नावावर, आलं. बर्निसने फोन उंच धरला.

"इबार्रा," डोलोरेस म्हणाली. "मारिसोल इबार्रा."

बर्निसचा फोन हळूहळू मांडीवर आला. फ्रेडनी वहीतून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. डीननी पायावर पाय टाकला, पाठ खुर्चीला टेकवली, आणि पुढची सगळी नावं त्यांनी मन लावून ऐकली. डोलोरेसने नावं पुकारलीही तशी. श्टेपानिकांची मुलगी उठली तेव्हा तिच्या आजीने छातीवर हात ठेवला. व्यासपीठावरून आपलं आडनाव इतकं धड तिने या देशात प्रथमच ऐकलं असावं. शेवटचा झायगलर सही करून बसला. टाळ्या झाल्या. समारोपाला सभासदांना शपथ देण्याचं काम डीनचं असे. कोटाचं बटण लावत ते उठले.

डोलोरेस ध्वनिक्षेपकापासून हलली नाही.

"अजून एक राहिलंय," ती म्हणाली. "मध्येच गेले असते, तर पुढची नावं पुकारायला कुणी नव्हतं." मग तिने इतर सव्वीस जणांचं घेतलं होतं तसंच, न घाई करता, न आवाज चढवता, ते नाव घेतलं. "हुडाक. डोलोरेस अ‍ॅन हुडाक."

यादीची घडी करून तिने ती तिथेच ठेवली आणि ती फ्रेडसमोर जाऊन उभी राहिली.

हॉलमध्ये कुणाला काय करायचं ते कळेना. टाळ्या वाजवायच्या, की ही बाई अजून काही सूचना देणार? डीन खुर्ची आणि व्यासपीठ यांच्या मध्ये उभे होते. धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. तेवढ्यात मागून बर्निसने दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली, शाळेच्या फुटबॉल सामन्यांना मारायची तशी, आणि मग जे सुरू झालं ते बराच वेळ थांबलं नाही. विश्वस्त मंडळातल्या बाई टाळ्या वाजवत डीनकडे वाकल्या. ही तुमच्याच ऑफिसातली ना, छान केलंत हं, असं त्या म्हणाल्या. डीननी मान हलवली. टाळ्या वाजवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

"फीत तिरकी लागलीय," फ्रेड पुटपुटले.

"राहू दे."

तिने पूर्ण नावाची सही केली. बाकीचे जेवढा वेळ घेत त्याच्या दुप्पट वेळ घेतला. मग टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मेणबत्तीचं बटण दाबलं. व्यासपीठ रिकामं होतं. सगळ्यांचे डोळे डीनवर आले. ते चढले, ध्वनिक्षेपकाची मान आपल्या उंचीला आणली, आणि शपथेचा कागद शोधू लागले. कागद डोलोरेसने जागच्या जागी ठेवलेला होता.

"मी जे शिकलो," डीननी वाचलं, "ते मी झाकून ठेवणार नाही."

सत्तावीस आवाजांनी ते परत म्हटलं. दुसऱ्या रांगेच्या टोकाचा आवाज जरा मोठा होता.

नंतर सगळे नवे सभासद फोटोसाठी व्यासपीठाच्या पायऱ्यांवर गोळा झाले. हॉलोवे आणि इबार्रा यांनी न सांगता मध्ये जागा सोडली आणि डोलोरेस तिथे जाऊन उभी राहिली. डीन कॉलेजचा कॅमेरा घेऊन आले आणि सवयीनं त्यांचा हात पुढे झाला, कॅमेऱ्यासकट, थेट तिच्याकडे. हात तसाच राहिला. डोलोरेसचे दोन्ही हात मेणबत्तीवर होते.

"आडवा धरा, डीन," ती म्हणाली. "आणि दोन पावलं मागे जा. सत्तावीस आहोत आम्ही."